कर्जाचा कागद उघडणे

उपदेशक व मंडळीतील वडील ह्यांच्याकरिता एक पाठ

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस भाईंदर येथे आम्हांस एक वृद्ध गृहस्थ भेटावयास आले. नगर जिल्ह्यातील, म्हणजे ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातील, एका लहान गावाहून ते रात्रीच्या एस. टी.ने निघाले होते. त्यांच्या हातात कापडी पिशवी होती, आणि तीत भाकरीच्या फडक्याखाली वीस गुंठे जमिनीचा सातबारा घडी करून ठेवलेला होता. त्यांचा मुलगा भाईंदर पूर्वेस स्टीलच्या भांड्यांस पॉलिश करण्याच्या कारखान्यात कामास आहे. मुलाने कर्ज काढले, ते फिटेना. तेव्हा वसुलीच्या कोणा माणसाने मुलाच्या फोनमधून बापाचा क्रमांक काढून त्यांस बजावले की, आठ दिवसांत पैसे आले नाहीत तर तुमच्या घरावर जप्ती येईल व मुलगा तुरुंगात जाईल. "पाळकसाहेब," म्हातारबुवा म्हणाले, "गिऱ्हाईक बघून ठेवलंय. पोराचं एकूण देणं किती, तेवढं कळलं म्हणजे तेवढ्याचाच सौदा करीन म्हणतो."

आम्हांस ते ठाऊक नव्हते हे साहजिकच आहे. परंतु सायंकाळी मुलाच्या खोलीवर गेलो तेव्हा असे दिसून आले की, ते मुलासही ठाऊक नव्हते व सुनेसही नव्हते. मुलगा म्हणाला, "नव्वद हजार असेल." सून म्हणाली, "जास्त असेल." आमच्या ह्या पाठाचा विषय एवढाच आहे. कर्जबाजारी मनुष्य पैशाच्या तुटीने बुडतो हे खरे, परंतु आपल्या कर्जाकडे डोळे उघडून न पाहिल्याने तो कितीतरी अधिक लवकर बुडतो. आणि त्याच्याजवळ बसून ते सर्व कर्ज एका कागदावर लिहून काढणे हे काम गावचा कोणताही लिहिता-वाचता उपदेशक करू शकतो.

कोणी म्हणेल, ही शहरातील गोष्ट आहे, खेड्यातील मंडळ्यांस तिच्याशी काय कर्तव्य? त्याचे उत्तर त्या पिशवीतील सातबारा होय. भाईंदर हे एके काळी मिठागरांचे गाव. खाडीच्या कडेने मीठ, आणि पलीकडे उत्तन, पाली, चौक येथे कोळ्यांच्या होड्या. तेथे १९८५ साली नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती आठ लाखांच्या वर भरली. ही आठ लाख माणसे आकाशातून पडली नाहीत. ती आपल्याच गावांतून गेली. आपली मुले तेथे भांड्यांच्या कारखान्यांत, रिक्षांवर व पहाऱ्यावर आहेत, आपल्या लेकी मीरा रोडच्या इमारतींत धुणीभांडी करीत आहेत. त्यांचे सुख गावी पोहोचण्यास वेळ लागतो. त्यांचे कर्ज मात्र फोनवरून एका क्षणात पोहोचते.

आता कागद कसा करावा ते सांगू.

पहिली गोष्ट, हे काम उपासनालयाच्या ओसरीवर चार माणसांदेखत करू नये. ज्याचे कर्ज त्याच्याच घरी बसावे, दार लोटून घ्यावे, आणि नवरा व बायको दोघेही समोर असावीत. एकटा नवरा यादी देईल तर ती अर्धी असेल, कारण बचत गटाचे व फायनान्सचे कर्ज बहुधा बायकोच्या नावे असते. एकटी बायको देईल तर तीही अर्धीच, कारण नवऱ्याने फोनवरून काय घेतले ते तिला ठाऊक नसते. दुसरी गोष्ट, "का काढलेस?" हा प्रश्न पहिल्या दिवशी तोंडातून काढू नये. त्या प्रश्नाने मनुष्य आपले समर्थन करू लागतो, आणि समर्थन करणारा मनुष्य आकडे लपवितो. "कोणाकोणाचे?" असे विचारावे. प्रत्येकाच्या नावापुढे हातात प्रत्यक्ष किती पडले, आजवर किती भरले, किती राहिले, व्याज काय, महिन्याचा हप्ता काय, आणि बदल्यात काय दिले आहे, म्हणजे सोने, सही, कोरा चेक की दुसऱ्याचा जामीन, हे लिहून घ्यावे. तिसरी गोष्ट, ह्या कामास दोन संध्याकाळी द्याव्यात. पहिल्या दिवशी कोणीही सर्व सांगत नाही. जे शेवटपर्यंत गिळून ठेवलेले असते तेच बहुधा सर्वांत जहरी असते.

त्या घरी असेच झाले. पहिल्या संध्याकाळी पाच नावे निघाली. बायकोच्या नावे गटाच्या फायनान्सचे ४०,००० बाकी, महिना २,६०० हप्ता. टीव्ही व फोन हप्त्यावर घेतले त्याचे १,९०० प्रमाणे दहा हप्ते राहिलेले, म्हणजे १९,०००. बायकोची साखळी गहाण टाकून घेतलेले ३०,०००, त्याचे महिना ३०० व्याज. दोन गल्ल्या पलीकडच्या एका सावकाराचे २०,०००, शेकडा दरमहा ५ ह्या दराने १,००० रुपये नुसते व्याज. गावाकडील मामांचे हातउसने २५,०००, ज्याचे व्याज नाही, पण दिवाळीस गावी जाणे ज्याच्यामुळे दोन वर्षे टळले होते. ही बेरीज १,३४,००० झाली. दुसऱ्या संध्याकाळी, जेवणानंतर, मुलाने फोन पुढे सरकविला. त्यावर दोन ॲपांची कर्जे होती, प्रत्येकी ८,००० मागणारी. एकूण दीड लाख. सुनेने तोंडाला पदर लावला. परंतु मुलाचा चेहरा आम्हांस त्या वेळी पहिल्यापेक्षा हलका वाटला.

मग आम्ही दुसरा कागद केला: घरात काय येते व काय जाते. त्याचा पगार १८,०००, तिची कामे मिळून ६,०००, असे २४,०००. जाणारे खोलीचे भाडे ७,०००, वीज ९००, किराणा, भाजी व गॅस ७,५००, रेल्वेचा पास व जाणेयेणे ६००, शाळा १,५००, गावी आईच्या औषधास ८००, एकूण १८,३००. शिल्लक ५,७००. आणि ॲपे सोडून बाकीच्यांचे महिन्याचे देणे ५,८००. वाचकांनी ह्या दोन आकड्यांकडे जरा पाहावे. तूट होती ती महिन्यास १०० रुपयांची. मध्ये पंधरा दिवस तो तापाने पडला व पगार कापला गेला, आणि ती ठिगळ लावण्यास त्याने फोनवरचे कर्ज घेतले. पहिले फेडण्यास दुसरे घेतले. शंभर रुपयांच्या छिद्रातून सोळा हजारांचे पाणी आत आले.

शास्त्रात राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या ४ थ्या अध्यायात ज्या विधवेच्या दोन मुलांस सावकार दास करून नेणार होता तिची गोष्ट आहे. तिचा चमत्कार सर्वांस स्मरतो. परंतु अलीशाने तेल वाढविण्यापूर्वी घरात काय शिल्लक आहे हे तिला विचारले होते, आणि शेवटी आधी देणे देऊन उरलेल्यावर घर चालव असा क्रम लावून दिला होता, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

व्याजाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण आपल्या लोकांस शेकड्याचा हिशेब तोंडपाठ असूनही सालाचा हिशेब कोणी करून दाखवीत नाही. शेकडा दरमहा ५ म्हणजे सालीना ६०. वीस महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज जाते आणि मुद्दल जागच्या जागी उभे असते. "डेली"चे कर्ज तर ह्याहून फसवे. १०,००० म्हणून ९,००० हातात देतात व रोज १०० प्रमाणे शंभर दिवस घेतात. घेणारा म्हणतो, हजारच तर गेले, शेकडा १०. पण पहिल्या दिवसापासून मुद्दल परत जात असते, तेव्हा नीट मांडल्यास हे व्याज सालीना शेकडा ७५ च्या वर जाते. बँकेचे क्रेडिट कार्डही येथे निर्दोष नाही. पुष्कळ कार्डांवर थकलेल्या रकमेस महिना शेकडा ३ ते साडेतीन व्याज लागते, आणि "किमान रक्कम भरा" असे जे छापलेले असते ते कर्ज फेडण्याकरिता नसून ते चालू ठेवण्याकरिता असते.

कागद उघडणे हा उपाय आमच्या डोक्यातून निघालेला नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी कुणबी सावकारांच्या दुकानांवर तुटून पडले, व तेथून पुणे आणि नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गावी तसेच झाले. त्या लोकांचा रोख पैशाअडक्यावर फारसा नव्हता. त्यांस खते व रोखे पाहिजे होते, आणि ते मिळताच त्यांनी जाळले. न वाचता येणाऱ्या मनुष्याने अंगठा केलेला कागद त्यास शत्रूप्रमाणे वाटावा ह्यात नवल नाही. परंतु कागद जाळून कर्ज जात नाही, हेही त्यांस लौकरच कळले. मग १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांकरिता जो कायदा झाला त्याने काय केले? त्याने न्यायाधीशास असा अधिकार दिला की, रोख्यावर जे लिहिले आहे तेवढ्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब पाहावा. सावकाराने पावती द्यावी, हिशेब लिहून द्यावा, ऋणकोस हप्ते बांधून मिळावेत, आणि दावा लावण्यापूर्वी गावातील एखाद्या सलोखा करणाऱ्या पंचापुढे दोघांनी बसावे, अशीही तरतूद त्यात होती. तो कायदा आता राहिलेला नाही. परंतु तो सलोखा करणारा मनुष्य आम्हांस फार आवडतो, आणि उपदेशकाने ज्या जागी बसावे असे आम्ही म्हणतो ती जागा पुष्कळ अंशी त्याचीच आहे.

येथे आमची स्वतःची एक चूक कबूल करणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कुटुंबावर असाच प्रसंग आला असता आम्हांस दया आली, आणि यादी वगैरे न करता आम्ही आमच्या पगारातील ५,००० रुपये त्या गृहस्थाच्या हातावर ठेविले. आम्ही समाधानाने घरी आलो. तो पैसा त्याच रात्री दारावर येऊन सर्वांत अर्वाच्य बोलणाऱ्या वसुलीवाल्यास गेला, आणि खोलीचे भाडे, जे खरे देणे होते, ते तसेच राहिले. महिन्याभराने ते कुटुंब खोलीबाहेर निघाले. शिवाय पुढे तो गृहस्थ आम्हांस पाहून गल्ली बदलू लागला, कारण आता तो आमचाही ऋणी झाला होता. तेव्हापासून आम्ही दोन नियम पाळतो. सल्ला देणाऱ्याने आपण धनको होऊ नये. आणि जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्यास सर्वांत आधी द्यावे असे नाही. आधी छप्पर, धान्य, वीज, औषध व शाळा, मग ज्याच्या थकण्याने शेजाऱ्यावर बोजा पडतो ते गटाचे कर्ज, आणि मग ज्याचे व्याज सर्वांत जड ते.

ओरडण्याविषयी मीरा रोडचीच एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तेथील बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथे रात्रभर आपली तरुण मुले-मुली अमेरिकेतील लोकांस फोन करीत, आपण सरकारी करखात्याचे अधिकारी आहोत अशी बतावणी करीत, आणि तुमचा कर थकला आहे, आत्ता न भराल तर अटक होईल, असे दरडावीत. त्या लोकांचे काहीही देणे नव्हते. तरी भयाने पुष्कळांनी पैसे भरले. चांगले शिकलेले, बँकेत खाते असलेले लोक एका आवाजाने फसले, तर आपल्या म्हातारबुवांनी जमिनीस गिऱ्हाईक पाहून ठेविले ह्यात त्यांस हसण्यासारखे काय आहे?

म्हणून त्या आवाजापुढे कायदा काय म्हणतो ते उपदेशकास ठाऊक असावे. सज्ञान मुलाने काढलेल्या कर्जास बाप जबाबदार नाही, जोपर्यंत बापाने सहऋणको किंवा जामीन म्हणून सही केलेली नाही. मनुष्य मेल्यावर त्याच्या वारसांकडून वसुली होते तीही त्याच्यामागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच. केवळ गरिबीमुळे देणे थकले म्हणून ऋणकोस दिवाणी तुरुंगात घालता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला आहे. मात्र चेक न वटणे हा १८८१ च्या कायद्याप्रमाणे फौजदारी गुन्हा होऊ शकतो; म्हणून कोरा चेक सही करून देणे म्हणजे दुसऱ्याच्या हातात विळा देण्यासारखे आहे, आणि यादी करताना "कोणास चेक दिला आहे काय?" हे विचारण्यास विसरू नये. वसुलीच्या माणसाने सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर फोन करू नये असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बँका व वित्त कंपन्या ह्यांस बजावले आहे. गटाच्या लहान कर्जांना ही वेळ ९ ते ६ अशी आहे. त्याच वर्षीच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्या ॲपास ऋणकोच्या फोनमधील नावांची यादी उघडण्यास मनाई आहे. म्हणजे म्हातारबुवांना आलेला फोन हाच मुळी नियमाबाहेरचा होता.

सावकारासंबंधी महाराष्ट्रात २०१४ चा कायदा आहे. परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यासही शेतकऱ्यास तारणावर सालीना शेकडा ९ व विनातारण १२, तर इतरांस तारणावर १५ व विनातारण १८, ह्याहून अधिक व्याज घेण्याचा अधिकार त्या कायद्याखाली ठरविलेल्या दरांनी दिलेला नाही. आपल्या वाडवडिलांचा दामदुप्पटीचा नियम, म्हणजे व्याज मुद्दलाहून अधिक चढू नये हा, त्यात कायम आहे. तक्रार जिल्ह्याच्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे करावयाची असते. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतील असल्यास तीही परत मिळण्याचा मार्ग तेथेच आहे. खेड्यातील मंडळ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आता त्या कुटुंबाने काय केले ते सांगतो. सावकाराविरुद्ध तक्रारीचा मार्ग आम्ही त्यांस दाखविला. त्यांनी तो नाकारला. "दोन गल्ल्यांवर राहतो, पाळकसाहेब," सून म्हणाली, "तुम्ही जाल, आम्हांला इथंच राहायचंय." आम्ही आग्रह केला नाही. ज्यास परिणाम भोगावयाचे त्यानेच निवड करावी. गहाण साखळी विकून टाकावी ही सूचना मात्र तिचीच होती. आम्ही ती तोंडातून काढण्यास धजलो नसतो. सोन्याची किंमत ४८,००० आली. ३०,००० चे कर्ज फिटून १८,००० उरले. दोन ॲपांपैकी एक नोंदणी असलेल्या वित्त कंपनीचे निघाले. त्याचे ८,००० भरून टाकले व कर्ज संपल्याचा दाखला मागून घेतला. दुसऱ्याच्या मागे कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. त्याने ५,२०० हातात देऊन आठवड्यात ८,००० मागितले होते, आणि मुलाने दोन खेपांत ६,५०० आधीच भरले होते. घेतले त्याहून अधिक दिले गेले आहे हे कागदावर दिसताच आम्ही तेथे रेघ मारली, १९३० ह्या क्रमांकावर व जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदविली, आणि मुलाने आपल्या ओळखीच्या सर्वांस स्वतःच कळविले की, माझ्या नावाने घाणेरडे संदेश आल्यास विश्वास ठेवू नये. त्यास ते कळविताना जितकी लाज वाटली तितकी पुढे संदेश आले तेव्हा वाटली नाही. उरलेले १०,००० सावकारास मुद्दलापोटी दिले व वहीवर त्याची सही घेतली.

ह्यानंतर महिन्याचे देणे २,६००, १,९०० व सावकाराचे व्याज ५०० असे ५,००० झाले. ५,७०० मधून ७०० उरू लागले, ते सावकाराच्या मुद्दलास. म्हातारबुवांच्या सातबाऱ्याची घडी मोडावी लागली नाही.

बाहेरचे साहाय्य कोठे मिळते, तेही सांगतो. ह्या कामाकरिता बँक ऑफ इंडियाने २००६ साली मुंबईत "अभय" नावाचे कर्ज-सल्ला केंद्र उघडले होते. नाव देणाऱ्यास रोगाची पारख होती असे म्हणावे लागेल. पुढे रिझर्व्ह बँकेने २००९ साली अशा केंद्रांचा एक नमुना आखून दिला, व २०१२ साली प्रत्येक जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने आर्थिक साक्षरता केंद्र चालवावे आणि ग्रामीण शाखांनी महिन्यातून एक तरी शिबिर घ्यावे असे सांगितले. ठाणे जिल्ह्याची अग्रणी बँक बँक ऑफ महाराष्ट्र ही होय. आपल्या जिल्ह्याची कोणती ते जवळच्या कोणत्याही बँकेत विचारता येईल. सल्ला विनामूल्य असतो. खरे सांगावयाचे तर तेथे व्याख्यान सहज मिळते, जवळ बसून यादी करणारा मनुष्य कमी मिळतो. परंतु यादी आपण करून नेल्यास पुढचा रस्ता ते चांगला दाखवितात. बँकेने किंवा वित्त कंपनीने तक्रारीस ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना व कारखान्यातील कामगारांना उत्पन्नाची अट नसता मोफत वकील मिळतो, आणि ह्या दोन कारणांनी मागितल्यास जातीच्या दाखल्याची आपल्या लोकांची नेहमीची अडचण येथे आड येत नाही. लोकअदालतीत हप्ते बांधून घेता येतात. तेथील निवाड्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा.

ज्यांपासून दूर राहावे असेही लोक आहेत. "तुमचे कर्ज अर्ध्यात मिटवून देतो, तोवर हप्ते भरू नका, आमची फी आधी द्या," असे म्हणणारे दलाल अलीकडे फार झाले आहेत. अर्ध्यात मिटविलेले कर्ज पतनोंदीत तसेच लिहून राहते व पुढे घरासाठी कर्ज मागताना समोर येते. ही पतनोंद प्रत्येकास वर्षातून एकदा फुकट पाहावयास मिळते. आपल्या नावावर कोणी भलत्यानेच कर्ज काढले आहे काय, हेही तीत दिसते.

उपदेशक बंधूंस शेवटची सूचना जामीनकीविषयी. मंडळीतील लोक तुमच्याकडे सहीकरिता येतील, कारण गावात तुमची सही चालते. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणे जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोएवढीच असते. धनको ऋणकोस सोडून थेट जामिनाच्या दारी येऊ शकतो. म्हणून ज्याचा हिशेब तुम्ही लिहून दिला त्यास जामीन राहू नका. "मी तुझा कागद करणारा आहे, म्हणून सही करणार नाही," असे स्पष्ट सांगितल्यास कोणी रागावत नाही. निदान फार दिवस रागावत नाही. आणि यादीतील एकही आकडा प्रार्थनेच्या निमित्तानेसुद्धा दुसऱ्याजवळ बोलू नका.

त्या घरी आम्ही महिन्यातून एकदा जातो. दिवाळीच्या महिन्यात मुद्दलास काही दिले गेले नाही, नुसते व्याज गेले; मध्ये एकदा मुलाने पुन्हा फोनवर कर्जाचा अर्ज भरला होता, तो सुनेने पाहिला व रद्द करविला. सातव्या महिन्याअखेर सावकाराचे ५,२३९ रुपये राहिले होते. वही आता सून लिहिते, आणि प्रत्येक महिन्याच्या ५ तारखेस ते पान ती सासऱ्यांस फोनवर वाचून दाखविते. म्हातारबुवा मध्येच थांबवून बेरीज पुन्हा करावयास लावतात. मामांचे २५,००० अद्याप तसेच आहेत. त्यांस खरी परिस्थिती कळविणारे पत्र मुलाने पाच महिने टाळून शेवटी लिहिले. त्याचे उत्तर आम्ही हे लिहीपर्यंत आलेले नाही.